'उरलास किती' या गाण्यामागचा माणूस

तळेगाव स्टेशनकडून गावात येताना डाव्या हाताला 'चाँद साउंड सर्व्हिस' नावाचं दुकान लागतं. लग्नाला, साखरपुड्याला, शाळेच्या गॅदरिंगला लागणारे स्पीकर आणि माईक तिथून भाड्यानं जातात. चष्मा कपाळावर सरकवून तारा जोडत बसलेला, दाढी अर्धी पांढरी झालेला माणूस म्हणजे रमीज तांबोळी. मी त्याच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये एकोणीस वर्षं राहतोय. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी सकाळ बहुतेक त्याच्या दुकानातल्या बाकावरच जाते.

रविवारी कधीमधी पुण्याहून पोरं येतात. काळे टी-शर्ट, पाठीला गिटार. ती स्पीकर न्यायला येत नाहीत, रमीजला बघायला येतात. पंचवीस वर्षांपूर्वी 'कातळ' नावाच्या बँडनं एक कॅसेट काढली होती. तिच्या एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक, एवढंच. दुसऱ्या बाजूचं आज कुणाला आठवत नाही. पहिल्या बाजूचं 'उरलास किती' मात्र अजून कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये वाजतं. शब्द रमीजचे, गिटारही त्याचीच.

आठ तास विकलेस, उरलास किती?
बिल्ल्यावरचा नंबर तू, माणूस किती?

या ओळी आल्या की पोरं बाकं बडवतात. आणि दुकानात आलेल्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो, "दादा, हे गाणं कुणावर लिहिलं?"

पूर्वी रमीज चहा मागवायचा आणि सगळी गोष्ट सांगायचा. रंगवून सांगायचा. मीच ती पाच-सहा वेळा ऐकली असेल. आता तो म्हणतो, "ते राहू द्या. दुसरं काहीतरी विचारा."

असं का झालं, ते लिहायला बसलोय.

रमीजचे वडील चाँदभाई. दुकान त्यांनी उभं केलं. मोठे भोंगे, जुने अँप्लिफायर, सगळं स्वतः उघडून दुरुस्त करायचे. रमीज त्यांच्या हाताखाली शिकला. नववीत असताना त्याच्या बाकावर आंबी गावचा एक मुलगा येऊन बसला. ओंकार गराडे. रोज सायकलवरून शाळेला यायचा. त्याचे हात स्वस्थ नसायचे. बाक, डबा, दप्तर, जे समोर येईल ते वाजवायचा. गुरुजींनी वर्गाबाहेर काढलं तर बाहेरची खिडकी वाजवायचा.

बारावीनंतर दोघांनाही त्या वाजवण्याचं वेड लागलं. लोणावळ्याच्या एका हॉटेलात पूर्वी बँड असायचा. तो बंद झाला तेव्हा त्यांची जुनी गिटार आणि ड्रमचा सेट विकायला निघाला. दोघांनी तो घेतला आणि पुणे लोकलच्या मालडब्यातून तळेगावला आणला. तिथून टेंपोत घालून आंबीला. ओंकारच्या वडिलांची, नथूआबांची, पोल्ट्री तेव्हा बंद पडली होती. लांबलचक शेड रिकामी होती. चाँदभाईंनी एक जुना अँप्लिफायर दिला आणि त्या शेडमध्ये 'कातळ' सुरू झाला. तळेगावचा अतुल गायला लागला, संदेश बेस गिटार वाजवायला. ओंकारची आई नंदाबाई दुपारी भाकरी घेऊन यायची आणि दारातच उभी राहायची.

"बरं झालं कोंबड्या गेल्या," ती म्हणायची. "ह्या आवाजात एकीनं अंडं दिलं नसतं."

सहा वर्षं हे चाललं. रविवारी दुपारी लोणावळ्याच्या हॉटेलांच्या लॉनवर वाजवायला मिळायचं. मुंबईहून आलेली माणसं जेवत असायची, त्यांना जुनी सिनेमाची गाणी हवी असायची. 'कातळ' दोन तशी वाजवायचा आणि तिसरं आपलं. मॅनेजर हात जोडत धावत यायचा. अशाच एका दुपारी पुण्यातला एक कॅसेटवाला तिथं जेवायला बसला होता. त्याचा धंदा छोटा, बहुतेक भजनं आणि लावण्यांचा. त्यानं मॅनेजरला थांबवलं, तिसरं गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "दोन गाणी करा. स्टुडिओ मी बघतो." १९९९ च्या डिसेंबरातली तारीख ठरली.

त्याच हिवाळ्यात ओंकार बिघडत गेला. म्हणजे रमीजला तसं वाटलं. गाण्यात कुठं थांबायचं ते त्याला कळेना. पूर्वी डोळे मिटून वाजवणारा ओंकार आता रमीजच्या पायाकडे टक लावून बसायचा. काही सांगितलं की "काय?" म्हणायचा. परत सांगितलं तरी "काय?" रमीज चिडायचा. एकदा तर त्यानं माईकवरूनच ओरडून सांगितलं, "लक्ष कुठंय तुझं? लग्न ठरलंय का?" सगळे हसले. ओंकारही हसला. पण उशिरा हसला, हे रमीजला नंतर खूप वर्षांनी आठवलं.

रेकॉर्डिंगला दोन आठवडे राहिले असताना ओंकार दुकानात आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशाला बिल्ला.

"मी उद्यापासनं ड्यूटीवर," तो म्हणाला. "स्टोअरला लागलोय. आता वाजवायला जमायचं न्हाई."

रमीजला आधी ती थट्टाच वाटली. मग तो म्हणाला, "दोन आठवडे थांब. रेकॉर्डिंग होऊ दे, मग जा."

"काय?"

"दोन आठवडे थांब म्हणतोय!"

"न्हाई जमायचं. पोरखेळ किती दिवस करायचा? दुसरा कुणीतरी बघा."

पोरखेळ हा शब्द रमीजला लागला. तो पुष्कळ बोलला. तू भित्रा आहेस, तुला आठ तासांची खुर्ची पाहिजे, आम्ही सहा वर्षं तुझ्यासाठी घालवली. ओंकार नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "काय म्हणलास?"

रमीजला वाटलं, हा मुद्दाम परत म्हणायला लावतोय. त्यानं दुकानाचं शटर धरून सांगितलं, "चल, निघ."

ओंकार निघून गेला. रमीजनं दोन दिवसांत गाणं लिहिलं. चाँदभाईंनी ते ऐकलं तेव्हा ते एक स्पीकर उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "जोर आहे. पण बेटा, तो का गेला ते विचारलंस का?"

"सांगितलं ना त्यानं. नोकरी लागली."

"ते त्यानं सांगितलं. तू विचारलंस का?"

रमीज गिटार उचलून बाहेर गेला. गाणं रेकॉर्ड झालं. ड्रमवर पुण्याचा एक भाड्याचा वाजवणारा बसला.

कॅसेट पहिल्यांदा फारशी खपली नाही. पण पुण्यातल्या इंजिनीअरिंगच्या पोरांनी ती एकमेकांना कॉपी करून दिली. त्यातल्या निम्म्यांना पुढं कंपनीतच जायचं होतं, म्हणून की काय, त्यांना ते गाणं फार आवडलं. 'कातळ'ला कॉलेजांत बोलावणी यायला लागली. दरवेळी गाण्याआधी रमीज माईकवर सांगायचा, "आमचा एक ड्रमर होता." मग पुण्याच्या एका पेपरच्या पुरवणीत त्याची मुलाखत आली. गाण्याचा जन्म कसा झाला, असं विचारलं होतं. रमीजनं सगळं सांगितलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं. छापून आलं: आंबीचा ओंकार.

"तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही, सर," रमीज मला म्हणाला होता. "खरं तेच सांगतोय असं वाटायचं."

तीन वर्षांत बँड मोडला. अतुल नोकरीसाठी ओमानला गेला, संदेशनं लोणावळ्यात चिक्कीचं दुकान टाकलं. चाँदभाईंना अर्धांगवायू झाला आणि रमीज दुकानाच्या खुर्चीवर बसला. रोज सकाळी नऊला शटर वर, रात्री नऊला खाली. म्हणजे त्यानं आठ नाही, बारा तास दिले. लग्न झालं, तमन्ना घरात आली, रुमाईसा झाली. गाणं मात्र थांबलं नाही. कॅसेटवरून सीडीवर गेलं, तिथून मोबाईलवर. आणि ओंकारची गोष्ट रमीज सांगत राहिला.

तळेगाव ते आंबी सात किलोमीटर. तेवीस वर्षांत रमीज आंबीवरून कितीतरी वेळा गेला असेल. तिथल्या कंपन्यांच्या कार्यक्रमांना स्पीकर द्यायला तर महिन्यातून एकदा. ओंकारच्या घराकडे तो वळला नाही.

२०२२ च्या एप्रिलमध्ये आंबीतल्या एका साखरपुड्याचं काम त्याच्याकडे आलं. मांडव भर दुपारचा, उन्हानं पत्रे तापलेले. रमीज मिक्सरवर बसला होता. गाणी लागली होती. समोरच्या मोठ्या स्पीकरजवळ पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा होता. लोक त्या आवाजानं लांब सरकत होते आणि हा स्पीकरच्या लाकडावर तळहात टेकवून उभा. मान जरा वाकडी. बोटं हलत होती.

बोटांवरून रमीजनं ओळखलं.

तो उठला नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नंदाबाई. पार वाळून गेली होती.

"रमीज न्हवं का रं तू?"

"व्हय मावशी."

"लय वर्सांनी. चाँदभाऊ गेल्याचं कळलं मला. यायला जमलं न्हाई बघ, गुडघे धरल्यात."

रमीजनं स्पीकरकडे हात केला. तो म्हणाला, "ओंकारला सांगा मावशी, स्पीकरपासून जरा लांब उभा राहा. कानाला त्रास होतो."

नंदाबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं.

"त्याच्या कानाला आता कसला तरास व्हायचा? एक कान तर पार गेलाय. दुसऱ्यात मशीन हाय. तुला ठावं न्हाई व्हय?"

"कधीपासून?"

"कवापासनं म्हंजे? तुमचं वाजवणं सुटलं त्याच्या आधीपासनं. पुन्याच्या डाक्टरनं सांगितलं हुतं, नसा चालल्यात, त्यो ढोल आजच्या आज बंद कर, न्हाईतर लौकर जातील. म्हून तर त्यानं सोडलं."

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

"मला शप्पत घातली हुती. म्हनला, रमीजला कळलं तर त्यो माज्याबिगर जायाचा न्हाई. सगळं मोडंल. त्यापरीस मला शिव्या दिऊ दे."

मांडवात कुणीतरी ओरडलं, "ओ साउंडवाले, माईक चालू करा, गुरुजी थांबल्यात!" रमीजनं माईक चालू केला. पुढचा दीड तास त्यानं मिक्सर कसा सांभाळला ते त्याला आठवत नाही. तो मला एवढंच म्हणाला, "मी सगळ्यांचे आवाज कमी-जास्त करत होतो, सर. हातालाच सवय आहे."

आठ दिवसांनी तो ओंकारच्या घरी गेला. ओंकारची बायको अनिता हिनं दार उघडलं. नाव ऐकून तिचा चेहरा बदलला, पण तिनं आत घेतलं. पाणी दिलं. ओंकार कंपनीतून येऊन आंघोळ करून बाहेर आला. रमीजला बघून थबकला, मग समोर बसला.

"तोंड माझ्याकडं करून बोल," तो म्हणाला. "हळू. मग कळतं मला."

रमीजनं माफी मागितली. वाक्यं घरून ठरवून नेली होती, पण ती विस्कटली. मला माहीत नव्हतं, हे तो पुनःपुन्हा म्हणत राहिला.

ओंकारनं ते पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाला, "गाण्याचा राग न्हाई. ते मी नीट ऐकलंबी न्हाई कधी. मशीनमधनं गाणं ऐकलं की पत्र्यावर खडे पडल्यागत वाटतं. शब्द मला स्टोअरमधल्या बजरंगनं कागदावर लिहून दिलते. चांगले होते."

"मग?"

"पेपरात नाव कशाला दिलंस?"



मधेच अनिता बोलली. "मी नवीन लग्न करून आलते तवा. ह्यांच्या कंपनीच्या बसमधी पोरं रोज ते गाणं म्हणायची. कँटीनमधी ताटं वाजवायची. ह्यांना ऐकू यायचं न्हाई, पण दिसायचं. हे सगळ्यांच्या आधी जेवून उठायचे. दोन वर्षं डबा घेऊन गोडाऊनमधी बसून जेवले."

"तू राहू दे," ओंकार म्हणाला.

"का राहू दे? त्यांना कळू दे की."

मग ओंकारनं विचारलं. आवाज चढवून नाही, खरोखर विचारावं तसं. "एक सांग. सहा वर्षं एका शेडमधी होतो आपण. माझ्या आईच्या हातचं जेवलास. मी असा एकाएकी का सुटलो, हे बघायला तुला एकदा हितवर यायला जमलं न्हाई? मी रोज वाट बघायचो. तू येशील, भांडशील, आन मग मला सांगावंच लागंल. मला सांगायचंच होतं. आपल्या तोंडानं येऊन सांगायचं न्हवतं, एवढंच."

निघताना ओंकारनं त्याला फाटकापर्यंत सोडलं. "येत जा," असंही म्हणाला. रमीज त्यानंतर दोन-तीनदा गेला. चहा घेतला, नंदाबाईच्या गुडघ्यांचं औषध नेऊन दिलं. गोष्ट इथं थांबली असती तर बरं झालं असतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत गाण्याला पंचवीस वर्षं झाली. पुण्याच्या काही पोरांनी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर दुपारचा कार्यक्रम ठेवला. चार बँड आले, सगळ्यांनी 'उरलास किती' वाजवलं. शेवटी रमीजला वर बोलावलं आणि गाण्याची पार्श्वभूमी सांगा म्हणाले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला होता, "सर, इतकी वर्षं खोटं सांगितलं. उद्या सगळ्यांसमोर खरं सांगणार." मला ते आवडलं. मी म्हटलं, जरूर सांग. हा माझाही दोष आहे, म्हणून इथं लिहून ठेवतो. ओंकारला विचारलंस का, हे मला सुचलं नाही. चाँदभाई असते तर त्यांनी विचारलं असतं.

रमीज वर गेला आणि खरं बोलला. ज्याला मी भित्रा म्हणालो तो आमच्यासाठी बाजूला झाला होता. आंबीचा ओंकार गराडे. त्याला ऐकू येत नाही. मी त्याचा गुन्हेगार आहे. बोलताना तो रडला. चार-पाचशे पोरं उभी राहिली, टाळ्या थांबेनात. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि त्याच संध्याकाळी सगळीकडे पाठवलं. खाली लिहिलं होतं: 'उरलास किती'चा बहिरा ड्रमर.

चार दिवसांत आंबीत मोबाईल घेऊन पोरं यायला लागली. कुणी ओंकारच्या घराचा फोटो काढला. कुणी जुन्या पोल्ट्रीच्या शेडचा. दोघं जण अंगणात एक पत्र्याचा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "काका, थोडं वाजवून दाखवा ना, लोक रडतील." अनितानं त्यांना हाकललं. कंपनीच्या एका साहेबांनी कँटीनमध्ये ओंकारचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि मागं तेच गाणं लावलं. मुख्य म्हणजे ओंकारनं कंपनीत आपलं बहिरेपण कधी पूर्ण सांगितलं नव्हतं. मशीन केसांखाली झाकून, ओठ वाचून, त्यानं पंचवीस वर्षं नोकरी निभावली होती. सत्कारानंतर त्याची वैद्यकीय तपासणी झाली. गोडाऊनमध्ये माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्या फिरतात, धोका आहे, म्हणून त्याला स्टोअरमधून काढून गेटजवळच्या खोलीत कागद फाईलला लावायला बसवलं. पगार तोच, काम गेलं.

मार्चमध्ये एका सकाळी मी रमीजच्या दुकानात बाकावर बसलो होतो. स्कूटर थांबली. ओंकारला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उंच, नीट विंचरलेले केस, इस्त्रीचा शर्ट. तो आत आला आणि उभाच राहिला.

रमीज उठला. "बस ना."

"न्हाई बसत. मला विचारलं का न्हाईस?"

"ओंकार, मी तुझं नाव..."

"माझं नाव चांगलं करायला गेलतास. माहितीय मला. व्हिडिओ बघितला. सगळं नीट दिसतं त्यात. तू रडतोयस, लोक टाळ्या वाजवतायत. मागल्या वेळीबी टाळ्याच वाजवल्या असतील." तो दम घ्यायला थांबला. "मला सांगायचं असतं तर मी न्हवतं का सांगितलं? माझं काय गेलंय ते कुणाला सांगायचं, कवा सांगायचं, ते माझं मला ठरवू दे की. दोन्ही वेळी तूच ठरवलंस."

रमीज म्हणाला, "मी ते काढायला सांगतो. सगळीकडून."

"निघतं व्हय ते?"

रमीजनं मान खाली घातली. ओंकारला त्याचे ओठ दिसेनासे झाले. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काय म्हणतोय तो?"

"काही नाही म्हणत," मी म्हणालो.

ओंकार गेला. त्यानंतर रमीज तीनदा आंबीला जाऊन आला. दोनदा अनितानं ते घरी नाहीत म्हणून सांगितलं. स्कूटर दारातच उभी होती. तिसऱ्यांदा नंदाबाई बाहेर आली, त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "थोडं दिस जाऊ दे बाळा. त्यो तसा कडू न्हाई." त्याला आता वर्ष होईल. दिवाळीला रमीजनं मोबाईलवर शुभेच्छा पाठवल्या. ओंकारचं उत्तर आलं, 'तुला पण.' ईदला ओंकारकडून आधी आल्या. दोघं भेटत मात्र नाहीत.

पोरं अजून येतात. रमीज त्यांना त्यांच्याच गिटारच्या तारा कशा लावायच्या ते दाखवतो, जुना अँप्लिफायर उघडून दाखवतो. गाण्याच्या मागं कोण, ते सांगत नाही. आपल्या रुमाईसानं विचारलं तरी नाही.

हे लिहून झाल्यावर मी कागद घेऊन आंबीला गेलो. छापायचं असलं तर आधी ओंकारनं वाचावं, आणि तो नको म्हणाला तर फाडून टाकावं, असं ठरवून गेलो होतो. त्यानं मला खुर्ची दिली, चष्मा लावला आणि सगळं दोनदा वाचलं. दोन ठिकाणी पेन्सिलनं रेघा मारल्या. एक मजकूर त्याच्या लेकीबद्दल होता. दुसरा कुठला होता, ते मी सांगत नाही. ते दोन्ही मी काढलेत.

"रमीजनं वाचलं का?" त्यानं विचारलं.

"अजून नाही. आधी तुमच्याकडे आलो."

त्यानं कागद नीट जुळवून परत दिले. "छापा," म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला, "त्याला म्हणावं, गिटार सोडू नको. लोक सांगतात, हल्ली हात लावत न्हाई."

मी परत आलो आणि तेच कागद रमीजपुढे ठेवले. दुकान बंद करायची वेळ नव्हती, तरी त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि खाली वाकून वाचत बसला. वाचून झाल्यावर मी त्याला ओंकारचा निरोप सांगितला.

मग तो म्हणाला, "सर, एक गोष्ट राहिलीय. ती घाला."

"कोणती?"

"माझा त्याच्यावरचा राग चार महिनेसुद्धा टिकला नव्हता. कॅसेट बाजारात आली तोवर राग निघून गेला होता. रोज वाटायचं, उद्या आंबीला जाऊ. पण मग कॉलेजात बोलावणी आली. स्टेजवर उभा राहिलो की गाण्यासाठी राग लागायचा, तो मी परत आणायचो. दरवेळी आणायचो. भेटलो असतो तर तो राग कायमचा गेला असता, आणि मग गाणं कसं म्हणणार होतो?"

मी ते त्याच्या शब्दांत लिहून घेतलं. त्यानं ते एकदा वाचलं आणि कागद माझ्या हातात दिला. तेवढ्यात बाहेरून एक गिऱ्हाईक शटरखालून वाकून विचारायला लागलं, उद्याच्या बारशाला दोन माईक आहेत का म्हणून. रमीज उठला, शटर वर केलं आणि म्हणाला, "आहेत ना. किती वाजता पाहिजेत?"